नागपूरचे दोन गेज आणि तुमच्या ॲपमधलं भांडण

आजचा भाग कोडिंगचा आहे, पण सुरुवात रेल्वेपासून करू.

१८६७ मध्ये मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. ती ब्रॉडगेज. पुढे नागपूरहून राजनांदगावकडे दुसरी लाइन टाकली गेली, ती मीटरगेज. झालं! छत्तीसगडचं धान्य नागपुरात एका गाडीतून उतरवायचं आणि मुंबईसाठी दुसऱ्या गाडीत भरायचं. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ही लाइन ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली, तेव्हा कुठे ही हमाली संपली.

आता तुमचं ॲप घ्या. त्यात एक पेमेंटची लायब्ररी, एक नकाशाची. दोघींनाही लॉगिंगची एकच लायब्ररी लागते. पण पेमेंटला हवं तिचं १.२ व्हर्जन, नकाशाला २.०. गेज जुळत नाही! मग निवडायचं कोणतं? बिल्ड टूल्सचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं. ते फाइलची वेळ बघतं, जे बदललं तेवढंच पुन्हा बनवतं. व्हर्जन वगैरे त्याच्या गावीही नाही. २००० साली जावावाल्यांसाठी 'अँट' आलं. त्यातही सुरुवातीला लायब्ररीची जार फाइल आपणच शोधायची, आपणच फोल्डरमध्ये टाकायची. मग 'मेव्हन' म्हणालं, नाव आणि व्हर्जन लिहा, बाकी मी आणतो. २००५ च्या मेव्हन २ पासून तर लायब्ररीची लायब्ररीसुद्धा आपोआप यायला लागली. सोय झाली, आणि भांडणंही घरात आली.

हे भांडण प्रत्येक टूल वेगळ्या पद्धतीने मिटवतं. मेव्हन बघतं, तुमच्या प्रोजेक्टला जवळचं कोण. अंतर सारखं असेल, तर यादीत आधी लिहिलेलं जिंकतं. म्हणजे वर पेमेंट लिहिलं असेल तर १.२ येणार, आणि नकाशा उघडल्यावर ॲप कोसळू शकतं. ग्रेडल सहसा मोठं व्हर्जन घेतं, म्हणजे २.०. पण २.० मधून जुनं काही काढून टाकलं असेल, तर पेमेंट रडणार. एनपीएम म्हणतं, भांडू नका, दोघांना ठेवतो. शांतता मिळते, पण फोल्डर फुगतं. पायथनच्या पिपकडे जागा एकालाच. २०२० पासून त्याचं धोरण कडक आहे: जुळणारी जोडी सापडली नाही, तर ते इन्स्टॉल करायलाच नकार देतं. त्रासदायक वाटतं, पण निदान तोंडावर सांगतं.

हे फक्त इंटरव्ह्यूसाठी पाठ करायचं नाही बरं का. डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे या जावा लायब्ररीत भयंकर भोक सापडलं. बाहेरच्या माणसाने खास मजकूर पाठवला, की तुमच्या सर्व्हरवर त्याचा कोड चालणार! जगभरच्या टीम रात्र रात्र एकच गोष्ट शोधत होत्या: हे आपल्याकडे आहे का? कित्येकांनी ते स्वतःच्या यादीत कधी लिहिलंच नव्हतं. ते दुसऱ्या लायब्ररीचं बोट धरून आत आलं होतं.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. एक, डिपेन्डन्सी ट्री काढून बघा. मेव्हन, ग्रेडल, एनपीएम तिघांतही त्याची कमांड आहे. दोन, तुमच्या टूलमध्ये लॉक फाइल असेल तर ती गिटमध्ये टाकाच. तिच्यात नेमकी व्हर्जन्स नोंदलेली असतात, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर जे आलं तेच मित्राच्याही येतं.

उद्या मिहानमधल्या एखाद्या कंपनीत जॉइन व्हाल, कुणीतरी दहा वर्षांचं जुनं प्रोजेक्ट हातात देईल. कोडला हात लावण्याआधी विचारा, इथे गेज कोण ठरवतं? नाहीतर रात्री दोन वाजता पोती उतरवायला तुम्हीच असाल!

भेटू पुढच्या भागात.