माडी
माडी : नारळाच्या न उमललेल्या पोयीतून पाझरणाऱ्या गोड रसाचे किण्वित (आंबलेले) पेय. तारकर्लीसह मालवण किनाऱ्यावर रस काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. मडक्यातील व हवेतील यीस्टमुळे रसातील साखरेचे अल्कोहॉल होते. मडक्याला आतून चुना लावल्यास किण्वन रोखले जाऊन रस गोडच राहतो. माडी पिणाऱ्याच्या लेखी हा दोष होय. कायद्याने मात्र पुढे त्यावरच भेद उभारला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली छेदलेल्या झाडांवर कर बसे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अकिण्वित रसास नीरा म्हणून माडीपासून वेगळे काढले. परंतु उन्हाळ्यात काही तासांतच नीरेची माडी होते. साहजिकच रस काढणाऱ्याची उपजीविका परवान्याइतकीच मडक्यातील चुन्यावर अवलंबून राहिली.