गोगलगायीची ओळख : शंखापासून देहरचनेपर्यंत

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. अशा कोरड्या प्रदेशात गोगलगाय वर्षातील बराच काळ मातीत किंवा दगडाखाली निश्चेष्ट पडून असते. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती बहुधा रिकामा शंखच लागतो. केवळ शंखावरून जातीचा निर्णय कितपत करता येतो, हा प्रश्न येथे स्वाभाविकच उपस्थित होतो. या शास्त्राच्या इतिहासाचे सूत्रही तेच आहे.

मुंबई व सह्याद्रीच्या परिसरातील डाव्या वळणाच्या गोगलगायीला डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर याने १७७४ मध्ये ‘हेलिक्स लीव्हिपीस’ असे नाव दिले. त्या काळी ‘हेलिक्स’ ही प्रजाती म्हणजे नानाविध गोगलगायींची एक मोठी कोठीच होती. १८२९ मध्ये ‘एरिओफँटा’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन झाली व ही गोगलगाय तीत गणली जाऊ लागली. तथापि शंखाचे डावे वळण हे आप्तसंबंधाचे पुरेसे प्रमाण नव्हे. परस्परांशी दूरचे नाते असलेल्या अनेक कुलांत ते स्वतंत्रपणे उद्भवले आहे.

ही उणीव गॉडविन-ऑस्टिन (१८३४–१९२३) यांच्या शवविच्छेदनात्मक संशोधनाने बऱ्याच अंशी दूर झाली. जननेंद्रिये, जबडा, दंतपट्टिका व पायाच्या शेवटी असलेले श्लेष्मछिद्र यांची तुलना करून त्यांनी वर्गीकरणाला देहरचनेचा आधार दिला. ब्लॅनफर्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय मृदुकाय प्राण्यांवरील खंड १९०८ मध्ये, तर ग्यूड यांचे पुढील खंड १९१४ व १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

शुष्क प्रदेशातील ‘झूटिकस इन्सुलॅरिस’ हे या पद्धतीचे बोलके उदाहरण होय. तिचा लहानसा, दंडगोलाकार शंख सहज नजरेतून निसटतो. परंतु मादी-अंगातच वाढणारी, शंखधारी पिले आढळली की तिचे वैशिष्ट्य ध्यानी येते.

या विवेकाला आज व्यावहारिक महत्त्वही आले आहे. बेन्सन यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणलेली आफ्रिकी गोगलगाय पुढे देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर व बीड जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. अशा वेळी सरसकट विषारी आमिष पसरल्यास पालापाचोळ्यावर जगणाऱ्या देशी जातीही बळी पडतात. म्हणून शंखाबरोबर जिवंत प्राणी, त्याचे अधिवासस्थान व संग्रहाचा दिनांक यांची नोंद ठेवणे, हे क्षेत्राभ्यासाचे प्रथम कर्तव्य ठरते.