‘२०१२’ची जगबुडी आणि डोंगराखालचा प्रेक्षक

१३ नोव्हेंबर २००९ रोजी, एकाच शुक्रवारी, महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत आपत्तीवरचे दोन चित्रपट झळकले. रोलंड एमरिक दिग्दर्शित ‘२०१२’मध्ये अवघी पृथ्वी बुडत होती. कुणाल देशमुख दिग्दर्शित ‘तुम मिले’ या हिंदी चित्रपटात बुडत होती ती फक्त मुंबई, आणि तीही २६ जुलै २००५ची, म्हणजे प्रेक्षकांनी स्वतः अनुभवलेली. तिकीटबारीवर ‘२०१२’ने ‘तुम मिले’ला सहज मागे टाकले. चार वर्षांपूर्वी कमरेइतक्या पाण्यातून रात्रभर चालत घर गाठणाऱ्या शहराने आपला पूर पुन्हा पाहण्यापेक्षा लॉस एंजेलिस समुद्रात घसरताना पाहणे पसंत केले. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांत आलेला ‘२०१२’ भारतात त्या काळच्या सर्वाधिक यशस्वी परदेशी चित्रपटांपैकी एक ठरला. महिनाभरातच ‘अवतार’ आला आणि त्याचे विक्रम झाकोळले, ही गोष्ट निराळी.

हा प्रेक्षक केवळ मुंबईचा नव्हता. मध्य रेल्वेच्या मार्गावरील कर्जत आणि तेथून फुटणाऱ्या फाट्यावरची खोपोली यांचे दैनंदिन व्यवहार मुंबईशी बांधलेले आहेत. नोकरी आणि शिक्षण तिकडे असल्याने सिनेमाची चर्चाही लोकलबरोबरच ये-जा करते. शिवाय या दोन तालुक्यांना पडद्यावरच्या कृत्रिम जगाचे अप्रूप फारसे उरलेले नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्ऱ्याचा किल्ला उभा राहिला होता. प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे बुरूज येथल्या कारागिरांनी जवळून पाहिले आहेत. संगणकावर रचलेली जगबुडी मात्र सर्वांनाच नवी होती.

जुलै २००५ची खूण कर्जत तालुक्यात अधिक खोल आहे. त्या पावसाने नेरळ-माथेरान या छोट्या रेल्वेचा मार्ग जागोजागी वाहून नेला आणि शंभरीला टेकलेली ही गाडी २००७ पर्यंत बंद राहिली. रायगडच्याच महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, ही संख्या पाठ असणाऱ्या अनेकांना दासगावचे नाव आठवत नाही. आपत्तीच्या स्मरणातही शहर आणि डोंगर यांच्यातले अंतर असे दिसून येते.

‘२०१२’ची सुरुवात भारतातच होते. तांब्याच्या एका खोल खाणीतील प्रयोगशाळेत सतनाम हा भारतीय शास्त्रज्ञ अमेरिकी भूवैज्ञानिकाला दाखवतो, की सूर्यावरील उद्रेकांतून आलेले न्यूट्रिनो पृथ्वीचा गाभा तापवीत आहेत. या प्रसंगामागे एक खरा संदर्भ आहे, जो त्या वेळच्या परीक्षणांत क्वचितच आला. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली होती. जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक. अर्थात न्यूट्रिनोंनी पृथ्वी तापण्याची कल्पना ही निव्वळ पटकथालेखकाची सोय आहे. सूर्याकडून येणारे सुमारे ६५ अब्ज न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून पार होतात आणि त्याची आपल्याला जाणीवही होत नाही. कशाशीही सहसा न अडखळणे हाच या कणाचा स्वभाव आहे.

सतनामचे पुढे काय होते, हे भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे. धोका सर्वप्रथम ओळखणाऱ्या या माणसाला नेण्यासाठी ठरलेले विमान येतच नाही आणि तो कुटुंबासह त्सुनामीत सापडतो. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी पाच वर्षांपूर्वीचीच होती, त्यामुळे ते दृश्य येथे केवळ तंत्राची करामत म्हणून पाहिले जाणे शक्य नव्हते. बचावतात ते तिकिटासाठी माणशी एक अब्ज युरो मोजणारे. त्यांची महाकाय जहाजे बांधली जातात हिमालयाच्या तिबेटकडील अंगाला. आपल्याकडील श्रोत्याला हे ठिकाण ओळखीचे वाटावे असेच आहे. शतपथ ब्राह्मणातील मनूची नाव मत्स्याच्या शिंगाला बांधून उत्तरेच्या पर्वताकडे जाते, आणि महाभारताच्या वनपर्वात हिमालयाच्या ज्या शिखराला ती बांधली गेली त्याला ‘नौबंधन’ असे नाव दिले आहे. मनूच्या नावेत सप्तर्षी आणि बीजे होती, तिकीट नव्हते. दशावतारात प्रलय पहिल्याच अवतारात उरकून घेणाऱ्या परंपरेला जगबुडीची कथा नवी नसते, नवे असतात ते तपशील.

भीतीचा इतिहासही येथे जुना आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा ‘अष्टग्रही’च्या धास्तीने देशभर यज्ञयाग झाले. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ ही अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून गावोगाव घबराट पसरली. तिचे अवशेष अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळील महाकाय कणप्रवेगक सुरू होताना वृत्तवाहिन्यांनी पृथ्वी गिळली जाण्याची जी चर्चा रंगवली, तिच्या भीतीने मध्य प्रदेशात एका सोळा वर्षांच्या मुलीने जीव दिल्याचे वृत्त आले होते. गमतीचा भाग असा, की ज्या पंचांगांच्या आधारे अशा भाकितांना जोर चढतो, त्यांच्याच हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचे आहे आणि त्यातील जेमतेम ५,१०० सरली आहेत. प्रत्येक पूजेच्या संकल्पात कलियुगाच्या पहिल्याच चरणाचा उच्चार होतो.

‘२०१२’च्या वेळी ही भीती जागतिक झाली. माया संस्कृतीच्या कालगणनेतील एक दीर्घ आवर्तन २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण होत होते. आवर्तन संपले की पुढचे सुरू होते, यापलीकडे त्यात काही नव्हते. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी मात्र ‘मानवजातीच्या सातत्यासाठी’ काम करणाऱ्या एका बनावट संस्थेचे संकेतस्थळ तयार करण्यात आले आणि अनेकांनी ते खरे मानले. नासाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे प्रश्नांचा ओघ लागला. त्यांत आत्महत्येचे विचार येत असल्याचे कळवणारी किशोरवयीन मुलेही होती. अखेर नासाला स्वतंत्र खुलासा प्रसिद्ध करावा लागला. पुढे तर ‘काल जग का बुडाले नाही’ अशा आशयाची चित्रफीत या संस्थेने त्या तारखेच्या आधीच प्रसारित करून टाकली.

मराठीत या विषयाची अधिक शांत हाताळणी फार पूर्वी झाली होती. डॉ. जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५) यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू आहे. पण कथेचा रोख आकाशापेक्षा माणसांवर, विज्ञानाने काम करणाऱ्या आणि त्याच वेळी होमहवनात सुरक्षितता शोधणाऱ्या समाजावर आहे. एमरिकच्या चित्रपटाला या दुसऱ्या प्रश्नात रस नाही. त्याच्या शास्त्रज्ञांना तीन वर्षे आधी सर्व कळलेले असते आणि सत्ताधाऱ्यांनी ते दडवलेले असते. मॉरिसन यांना येणाऱ्या पत्रांचा सूरही हाच होता : सरकारला ठाऊक आहे, फक्त आम्हाला सांगत नाहीत.

खालापूर तालुक्यात २०२३ मध्ये जे घडले ते या गृहीतकाच्या नेमके उलट होते. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीला मोटाररस्ता नव्हता. पायवाटेने डोंगर चढून जावे लागे, त्यामुळे उत्खननाची यंत्रे वर नेता आली नाहीत आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना फावड्या-कुदळींनी चिखल उपसावा लागला. वाडीतील शाळेत मोबाइल घेऊन बसलेली काही मुले बचावली आणि धोक्याची बातमी त्यांच्याकडून बाहेर गेली, असे त्या दिवसांच्या वृत्तांत नोंदलेले आहे. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोधकार्य थांबवण्यात आले. २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ जण बेपत्ता राहिले.

सरकारने त्या वेळी स्पष्ट केले, की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. येथे कोणी काही दडवले नव्हते. कोणाला ठाऊकच नव्हते. पडद्यावरच्या जगबुडीला तारीख असते आणि निघण्याची वेळही. मुसळधार पावसात रात्री साडेदहा-अकराला झोपलेल्या वाडीला यातले काहीच मिळाले नाही. चित्रपटाने घाबरलेल्या प्रेक्षकाला निदान नासाला पत्र लिहिता येत होते.

आपत्तिपटांचा प्रेक्षक त्यानंतरही घटलेला नाही. २०२०च्या सुरुवातीला करोनाची साथ पसरत असताना २०११चा ‘कंटेजन’ जगभर नव्याने पाहिला गेला, आणि डिसेंबर २०२१ मधील ‘डोन्ट लुक अप’ने धूमकेतूची गोष्ट विनोदाच्या अंगाने सांगून घरबसल्या मोठा प्रेक्षक मिळवला. संकट शेजारी असताना संकटाचा सिनेमा पाहिला जातो, असे ‘कंटेजन’वरून म्हणता येईल, ‘तुम मिले’चे उदाहरण त्याच्या विरुद्ध जाते. दोहोंतला फरक बहुधा हा, की साथीत पुढे काय होणार हे प्रेक्षकाला जाणून घ्यायचे होते, तर महापुराचा शेवट त्याला आधीच ठाऊक होता.

इर्शाळवाडीतील वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने खाली चौक-मानिवली येथे ४४ घरे बांधली आहेत.