पहिल्या नोव्हेंबरचे वारसदार

वर्तमानपत्रातल्या ‘दिनविशेष’ या सदराची रीत सोपी असते. तारीख एक, तिच्याखाली चढत्या क्रमाने वर्षे, आणि प्रत्येक वर्षापुढे एक ओळ. कुठे युद्ध पेटले, कुठे तह झाला, कोण जन्मले, कोण गेले. त्या ओळींमध्ये नाते शोधायचे नसते, कारण तारीख सारखी असणे एवढेच त्यांचे नाते. बहुतेक तारखांच्या बाबतीत तेवढ्यावर भागते. १ नोव्हेंबरच्या बाबतीत भागत नाही. या तारखेखालच्या ओळी एकमेकींशी भांडतात, आणि त्यांतले एक भांडण आजही सर्वोच्च न्यायालयात आहे.

म्हैसुरात सरस्वतीपुरमसारख्या वस्तीत ही तारीख लाल-पिवळ्या झेंड्यांनी उजाडते. कन्नड राज्योत्सवाचा दिवस. चौकात, रिक्षाथांब्यावर, शाळेच्या पटांगणात भुवनेश्वरीची तसबीर मांडतात, हार घालतात, मिठाई वाटतात. त्याच सकाळी त्याच राज्याच्या वायव्य टोकाला, पाचशे किलोमीटरहून दूर बेळगावात, मराठी माणसे काळे कपडे घालून, काळ्या फिती लावून फेरीसाठी जमतात. त्यांच्यासाठी हा ‘काळा दिवस’. राज्य एक, तारीख एक, वर्षही एकच १९५६. कानडी आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्याला दोन्हीकडची निमंत्रणे समजतात, आणि दोन्ही समजणे हीच त्याची अडचण होते.

ही तारीख १९५६च्या आधीही इतिहासात येऊन गेलेली आहे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला आणि कंपनीचे राज्य संपले. संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, असे आश्वासन त्यात होते. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांचा कारभार इंग्रजांनी १८३१मध्येच काढून घेतला होता. अशा राजाला त्या आश्वासनाचे मोल किती असेल ते सांगायला नको. राज्य मात्र वडियार घराण्याला परत मिळाले ते १८८१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी.

पुढे १ नोव्हेंबर १९५४. आधीच्या महिन्यात किळूरला १७८ प्रतिनिधींनी मतदान केले, १७० जणांनी भारतात विलीन होण्याचा कौल दिला, आणि या दिवशी फ्रान्सने पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला. नेमक्या याच दिवशी अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्धाची पहिली ठिणगी पडली. साम्राज्य एकच, दिवस एकच, पण एका ठिकाणी मतपत्रिका आणि दुसऱ्या ठिकाणी आठ वर्षांचा रक्तपात. १९६२च्या जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला, आणि पाँडिचेरीचे कायदेशीर हस्तांतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुरे झाले. ही दोन्ही नावे एका ओळीत ठेवून वाचली की तारीख थोडी बोलू लागते. पाँडिचेरीच्या आनंदाला आणि अल्जीरियाच्या दुःखाला एकमेकांची बाधा मात्र होत नाही, कारण मध्ये समुद्र आहे. १९५६मध्ये तो नव्हता.

राज्य पुनर्रचनेचा कायदा १९५६च्या ऑगस्टअखेर मंजूर झाला आणि १ नोव्हेंबरला अमलात आला. ही तारीख कुठल्या लढाईची नव्हती, की कुणा महापुरुषाच्या जन्माची नव्हती. नवा कारभार महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करणे सोयीचे, मग ते पगाराचे हिशेब असोत की खजिन्याचे. १९६६मध्ये हरियाणा आणि २००० साली छत्तीसगड याच तारखेला जन्माला आले. कारकुनी सोयीने निवडलेला दिवस पुढे लोकांच्या घरात सण किंवा सुतक होऊन बसला.

कायद्यातल्या याद्या वाचल्या तर त्या दिवशी काय घडले ते तालुक्यांच्या नावांतून कळते. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. दक्षिण कॅनरा जिल्हा म्हैसूरकडे आला, पण कासरगोड तालुका केरळात गेला. मद्रास राज्याच्या कोइमतूर जिल्ह्यातला कोळ्ळेगाल तालुका इकडे म्हैसूर जिल्ह्यात आला. चंदगडच्या मराठी शेतकऱ्याला त्या दिवशी आपले राज्य मिळाले. कोळ्ळेगालच्या कानडी माणसालाही मिळाले. बेळगावच्या मराठी माणसाचे हुकले. आणि कासरगोडच्या कानडी माणसाचेही हुकले. राज्योत्सवाच्या भाषणात कासरगोड फारसा नसतो, आणि काळ्या दिवसाच्या भाषणात चंदगड फारसा नसतो. कय्यार किञ्ञण्ण रै या कासरगोडच्या कन्नड कवीने आपला तालुका कर्नाटकात यावा म्हणून आयुष्यभर आवाज उठवला. बेळगावच्या मराठी माणसाने रैंचे म्हणणे ऐकले असते, तर भाषा परकी आणि दुःख ओळखीचे वाटले असते.

मराठी बाजूलाही ही तारीख सरळ नाही. त्या दिवशी गुजरात, मुंबई, विदर्भ, मराठवाडा असे सगळे मिळून द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांना हा विश्वासघात वाटला. जानेवारीतल्या गोळीबारांच्या जखमा अजून ताज्या होत्या, आणि १७ जानेवारी हा बेळगावात हुतात्मा दिन म्हणून आजही पाळतात. पण नकाशा पुढे ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते. निजामाच्या हैदराबादेतून आलेला मराठवाडा, मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र हे तीन भाग आधुनिक काळात एका राज्यात प्रथम आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. १ मे १९६० रोजी त्यातून गुजरात वेगळा झाला. ज्या दिवसाला आपण तोट्याच्या वहीत लिहिले, त्याच दिवशी जमेच्या बाजूलाही मोठी रक्कम पडली होती. तिचा उत्सव कुणी केला नाही. नागपूरने तरी तो कसा करावा? त्या दिवसापर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि त्या दिवशी राजधानी भोपाळला गेली.

म्हैसूर शहरालाही हा दिवस निखळ लाभाचा वाटला नव्हता. जुन्या म्हैसूर संस्थानातल्या कित्येक पुढाऱ्यांना एकीकरण नकोच होते. वीज, धरणे, विद्यापीठ, कारखाने यांनी पुढे गेलेल्या आपल्या राज्यावर मागास जिल्ह्यांचा भार पडेल, अशी त्यांची धास्ती. जयचामराज वडियार आदल्या दिवसापर्यंत राजप्रमुख होते, आणि १ नोव्हेंबरपासून नेमलेले राज्यपाल झाले. नव्या राज्याचे नाव ‘म्हैसूर’च राहिले. धारवाड-गुलबर्ग्याच्या माणसाला ते नाव आपले वाटेना. सतरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९७३ रोजी, देवराज अरसांच्या कारकिर्दीत राज्य ‘कर्नाटक’ झाले. ज्या दिवशी उत्तरेकडच्या कन्नडिगाला आपले नाव मिळाले, त्याच दिवशी म्हैसूरचे नाव राज्यावरून उतरून एका शहरापुरते उरले.

तारखेचा पुढचा फेरा २०१४चा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावे सरकार दरबारी बदलली. इंग्रजीत लिहिले जाणारे म्हैसूर ‘मैसूरु’ झाले आणि बेळगाव ‘बेळगावी’ झाले. इथे म्हैसुरात ही पाटीवरच्या स्पेलिंगची गोष्ट होती. कानडी बोलणारा आधीही मैसूरुच म्हणे आणि मराठी बोलणारा अजूनही म्हैसूरच म्हणतो. बेळगावात मात्र तोच शासननिर्णय मराठी माणसाला जखमेवर मीठ वाटला. कागद एक, सही एक, आणि तो वाचायला दोन वेगळी शहरे.

बेळगाव हे तर या तारखेचे सगळ्यात जुने घर. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले, आणि त्याच वेळी कर्नाटक एकीकरणाची परिषदही तिथेच झाली. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. बावीस वर्षांच्या अंतराने दोन भाषांनी आपापले घर बांधण्याचा संकल्प सोडला तो एकाच गावात. दोन्ही संकल्प प्रामाणिक होते, आणि गाव एकच होते.

माणसांचे पाहू गेले तर गुंता आणखी वाढतो, आणि थोडा गोडही होतो. कर्नाटक एकीकरणाचे आद्य पुरस्कर्ते आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कानडीत नेले. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कानडीत लिहीत. १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या कॉलेजात शिकवत होते. म्हणजे भाषावार प्रांतरचनेचे वादळ घोंगावत असताना कन्नडचा मोठा कवी मराठी मुलुखात पोट भरत होता. तिकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि मराठी कथा लिहीत. सीमेच्या रेषेने या तिघांपैकी कुणाचीही भाषा बदलली नाही.

आमच्या म्हैसुरातल्या मराठीची गोष्टही अशीच आडवाटेची. तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर ती जागा विश्वेश्वरय्यांकडे आली. भावसार घरांतली मराठी पिढ्यान्‌पिढ्या इथल्या बाजारात कानडी बोलते आणि घरी आपली. ही मराठी कुठल्याही नकाशावर दावा सांगत नाही, म्हणून ती कुणाला खुपत नाही आणि कुणाला आठवतही नाही. सरस्वतीपुरमला लागूनच मानसगंगोत्रीचा परिसर आहे. तिथे १९६९मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. देशातल्या सगळ्या भाषांचा अभ्यास करणारी संस्था, आणि उंबऱ्याबाहेर एका भाषेचा उत्सव. वर्षातून एकदा हे दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळते.

तारीख बदलता येते, हेही शेजाऱ्यांनी दाखवले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्याकुमारीचा भाग मद्रास राज्याला मिळाला, पण इतर सीमाभाग गेले. २०१९मध्ये सरकारने तो ‘तामिळनाडू दिन’ ठरवला. दोनच वर्षांत निर्णय फिरला आणि मान १८ जुलैला मिळाला. १९६७ साली त्या दिवशी विधानसभेने राज्याला तामिळनाडू हे नाव देण्याचा ठराव केला होता. ज्या दिवशी काही हातचे गेले तो दिवस सीमालढ्याच्या आठवणीला ठेवला आणि ज्या दिवशी सगळ्यांना नाव मिळाले तो उत्सवाला घेतला. दिवस पंचांगातून आपोआप येत नाहीत. माणसे ते निवडतात, आणि म्हणून निवडीचा जबाबही माणसांनीच द्यायचा असतो.

सीमाप्रश्नाचा जबाब अजून मिळालेला नाही. १९६७मध्ये महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकात ठेवले, २६४ गावे महाराष्ट्राला द्यायला सांगितली, सोलापूरकडचा काही भाग कर्नाटकाला, आणि कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भागही कर्नाटकाला द्यायला सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, केरळानेही नाकारला. २००४मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय कधीतरी सीमेचा निकाल देईल. पण अर्ज कुठल्या भाषेत करायचा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचे, सातबारा वाचता येतो की नाही, हे बेळगाव, कासरगोड आणि अक्कलकोटमधले प्रश्न निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. ते रोजचे आहेत, आणि ते सोडवायला सीमा हलवावी लागत नाही. ज्या राज्यात माणूस राहतो त्या राज्याने त्याच्या भाषेला कचेरीत आणि शाळेत जागा दिली, तर तारखेचा निम्मा काळोख तिथेच ओसरेल.

तोवर दिनविशेषाच्या सदरात १ नोव्हेंबरखाली निदान दोन ओळी वाढवाव्यात. मराठी वर्तमानपत्राने लिहावे: १९५६, कासरगोड केरळात गेले. कन्नड वर्तमानपत्राने लिहावे: १९५६, बेळगावच्या मराठी माणसांनी काळा दिवस पाळला.