कापूस-तेजी, मुंबईची
(१८६१–६५). अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबई इलाख्यात उद्भवलेली कापूस-व्यापाराची अभूतपूर्व तेजी, तीतून निर्माण झालेला सट्टा आणि त्याची परिणती असलेली आर्थिक मंदी यांना एकत्रितपणे ही संज्ञा लावली जाते. एका खंडातील युद्धामुळे दुसऱ्या खंडातील नगराचे भवितव्य चार वर्षांत दोनदा पालटावे, याचे हे भारतातील पहिले ठळक उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील लँकाशर परगण्यातील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. तो निग्रो गुलामांच्या श्रमावर पिकविला जात असे. लांब धाग्याचा, स्वच्छ आणि स्वस्त असल्यामुळे त्याच्यापुढे आखूड धाग्याचा, सरकी व कचरा मिसळलेला हिंदी कापूस टिकत नसे. लिव्हरपूलच्या बाजारात ‘सुरती’ हा शब्दच निकृष्टपणाचा वाचक बनला होता. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेकडील राज्यांनी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या व त्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी त्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. प्रारंभी गिरणीमालकांजवळ शिल्लक साठे होते. ते संपताच लँकाशरमध्ये ‘कापसाचा दुष्काळ’ पडला आणि लक्षावधी कामगार बेकार झाले. अमेरिकन कापसाचा भाव १८६० साली पौंडास सहा-सात पेन्स होता. तो १८६४ च्या मध्यास ३० पेन्सांच्या आसपास गेला. त्याच्या मागोमाग सुरती कापूसही चढला.

या भावांचा लाभ घेण्यास मुंबईसारखे सोयीचे दुसरे बंदर आशियात नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाट १८६३ मध्ये व थळघाट १८६५ मध्ये खुला झाल्याने दख्खन, खानदेश व वऱ्हाड यांकडील वाट सुकर झाली. गुजरातचा कापूस पूर्वापार गलबतांतून येई. पावसाळ्यात ती वाहतूक बंद पडे. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग सुरतेकडून दक्षिणेस सरकत वसईच्या खाडीशी आला. पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांनी वाहणाऱ्या खाडीच्या फाट्यांवर पूल बांधणे हे या मार्गावरील बिकट कामांपैकी एक होते. नोव्हेंबर १८६४ मध्ये मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. म्हणजे भडोच-सुरतेचा कापूस अखंड रुळांवरून मुंबईत येऊ लागला तो तेजी सरण्यास अवघे पाच-सहा महिने उरले असताना.

नेहमीच्या उत्पन्नाव्यतिरिक्त युद्धकाळात मुंबईच्या पदरात सुमारे ७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम पडली, असे मानले जाते. गाद्या-उशांतील जुना कापूस काढून तोही विकला गेल्याची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. भेसळीला इतका ऊत आला की, १८६३ मध्ये सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. याच साली प्रसिद्ध झालेल्या गोविंद नारायण माडगावकर यांच्या मुंबईचे वर्णन या ग्रंथात वाढत्या शहराचे चित्र आढळते. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. तथापि ही समृद्धी सर्वांच्या वाट्यास आली नाही. धान्य व घरभाडी भडकली. मजुरी वाढूनही रत्नागिरीकडून आलेल्या कामकऱ्याच्या हाती फारसे उरत नसे. मुंबईतील बाल्यावस्थेतील कापडगिरण्यांनाही महाग कापसाचा फटकाच बसला, ही गोष्ट तेजीच्या वर्णनांत बहुधा दुर्लक्षिली जाते.

हाती आलेला पैसा गुंतविण्यास पुरेसे उद्योग नव्हते. त्यामुळे बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून भूमी संपादणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे ५,००० रुपयांचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. या सर्व घडामोडींच्या केंद्रस्थानी सुरतेहून आलेल्या कुटुंबातील दलाल प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) होते. त्यांचा शब्द बाजारात चलनासारखा चाले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेला १८६३ च्या कायद्याने अधिक मोकळीक मिळाली होती. तिने प्रेमचंदांच्या शिफारशीवरून भागांच्या तारणावर, कधी केवळ व्यक्तीच्या नावावर कर्जे दिली. सरकारचे भांडवल व प्रतिनिधी तिच्यात असल्याने ही सरकारी पेढीच, असा लोकांचा समज होता. अनेकांच्या नाशाचे ते एक कारण ठरले. वकील, वैद्य, कारकून, सरकारी अधिकारी असे सर्व थरांतील लोक या वेडात सापडले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानालाही त्याची झळ लागली.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. इराणी आखातातील तारेने त्याच वर्षी भारत यूरोपशी जोडला गेला होता. त्यामुळे कापसाचे भाव कोसळल्याची वार्ता पूर्वीप्रमाणे बोटीची वाट पाहत राहिली नाही. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी बहुतेकांना देणी भागविता आली नाहीत व एकाचे दिवाळे दुसऱ्याला ओढू लागले. १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड-गर्नी ही पेढी बुडाल्यावर उरलेला आधारही गेला. प्रेमचंदांचे दिवाळे निघाले आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बाँबे गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ एवढीच भरली. तेजीच्या काळात आश्वासिलेल्या देणग्यांपैकी काही मात्र टिकल्या. प्रेमचंदांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला दिलेल्या पैशातून राजाबाई मनोऱ्याचे काम १८७८ मध्ये पुरे झाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत (१८६२–६७) कोटाच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढे शासकीय इमारती उभ्या राहिल्या.

ग्रामीण भागात मंदीची झळ उशिरा पोहोचली. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती आणि शेतकऱ्यांची पत फुगली होती. इंदापूर तालुक्यातील तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ मध्ये फेरआकारणी झाली, ती चढ्या भावांच्या आधारे. पुढे भाव उतरले, सारा उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. हे दंगे अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यांचा संबंध थेट कापसाशी जोडण्याची प्रथा आहे. परंतु दंग्यांची बरीच गावे कापूस पिकविणारी नव्हती. तेथे तेजी पोहोचली ती रेल्वेच्या कामावरील मजुरी, धान्याचे भाव व सुलभ कर्ज यांच्या रूपाने. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याचा उगम या दंग्यांत आहे.

अमेरिकेत डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. तथापि मुक्त झालेले निग्रो बटाईच्या व कर्जाच्या नव्या बंधनात सापडून पुन्हा कापूसच पिकवू लागले आणि काही वर्षांत अमेरिकन कापसाने लिव्हरपूलमधील आपले स्थान परत मिळविले. सुएझ कालव्यामुळे (१८६९) हिंदी कापसाला यूरोप खंडातील इतर देशांत गिऱ्हाईक लाभले. शतकाच्या अखेरीस जपान हेही मोठे गिऱ्हाईक बनले.

बॅक बे कंपनीने समुद्रातून काढलेली भूमीची पट्टी तिच्या दिवाळ्यानंतर मुख्यतः रेल्वेच्या उपयोगी पडली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी विरारहून निघून संध्याकाळी परतणारी ही एकच गाडी होती. नायगावचे ‘नीला’ व वसईचे ‘बासीन’ ही स्थानके तिच्या मार्गावर होती. कापसासाठी टाकलेल्या या रुळांवरून उत्तर कोकणातील माणसे नोकरीसाठी मुंबईस जाऊ-येऊ लागली.