पावाच्या डोक्यावरची लाट : आपल्या कीबोर्डवर पोर्तुगीज अक्षरं कशी टाइप करायची?

वड्यासोबत आपण जो पाव खातो तो पोर्तुगीजांकडून आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पोर्तुगीज माणूस हा शब्द लिहितो तेव्हा त्यातल्या 'ए' अक्षराच्या डोक्यावर एक नागमोडी लाट (~) काढतो. ती आपल्या अनुस्वाराची लांबची बहीण समजा. लॅटिनमध्ये या शब्दात 'न' होता, 'पानेम'. पोर्तुगीजमध्ये तो झिजून गेला आणि मागे फक्त नाकातला उच्चार उरला. पोथ्या उतरवणारे लेखनिक तो दाखवायला स्वरावर छोटासा 'एन' काढायचे, त्याचीच पुढे लाट झाली. मराठीत येताना आपण नाकातला उच्चारही सोडून दिला आणि नुसता 'पाव' ठेवला.

आता हाच शब्द आपल्या लॅपटॉपवर पोर्तुगीज स्पेलिंगने लिहून बघा. लाटेची कळ आहे, १ च्या डावीकडे, शिफ्ट धरून. पण ती दाबली की लाट 'ए'च्या डोक्यावर न चढता शेजारी जाऊन बसते!

ब्राझीलच्या फुटबॉलपटूचं नाव नीट लिहायचं असेल, पोर्तुगीज शिकायला घेतली असेल किंवा गोव्यातल्या आजोबांच्या जुन्या दाखल्यावरचं नाव जसंच्या तसं हवं असेल, तर ही अडचण येतेच. बरेच जण गुगलवरून अक्षर कॉपी करून आणतात. चालतं, पण दर शब्दाला तेच करायचं म्हटलं की जीव मेटाकुटीला येतो. खरं तर सोपा उपाय संगणकात आधीपासून असतो, फक्त तो सुरू करावा लागतो.

चिन्हं कोणती आणि ती नसली तर काय बिघडतं?

आधी चिन्हांची ओळख करून घेऊ. स्वरावरची तिरकी रेघ (´), टोपी (^) आणि लाट (~) ही तीन मुख्य. लाट फक्त 'ए' आणि 'ओ'वर येते. उलटी रेघ (`) फक्त 'ए'वर आणि तीही मोजक्या शब्दांत, दोन 'ए' एकत्र आल्याची खूण म्हणून. ती कुठे द्यायची यात खुद्द ब्राझीलचे लोकही चुकतात, तेव्हा आपण मनाला लावून घ्यायचं कारण नाही. पाचवी खूण 'सी'च्या खाली लोंबणारी शेपटी. 'सी'चा उच्चार तिथे 'क' न होता 'स' होतो.

ही नक्षी नाही, स्पेलिंगचाच भाग आहे. आजी आणि आजोबा या दोन पोर्तुगीज शब्दांची अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ दिली की आजी (उच्चार 'अवॉ') आणि टोपी दिली की आजोबा ('अवो'). 'ऑ' आणि 'ओ' मराठीत आपण वेगळे लिहितो, तोच हा फरक. कोणत्याच खुणेशिवाय लिहिलं तर वाढदिवस नक्की कोणाचा हे पोस्ट वाचणाऱ्याने ओळखायचं! 'आय'वर रेघ असेल तर देश, नसेल तर आईवडील, अशीही एक जोडी आहे.

खूण नको तिथे दिली तरी पंचाईत. ब्राझीलच्या किनाऱ्यावर शहाळ्याचं पाणी मिळतं. त्यातल्या नारळाला 'कोकु' म्हणतात आणि त्यावर कसलीही खूण नसते. शेवटच्या 'ओ'ला चुकून टोपी घातलीत तर नारळाची लहान मुलांच्या बोलीतली 'शी' होते. फोटोखाली कॅप्शन लिहिताना एवढं सांभाळा.

आणखी एक गंमत म्हणजे देश बदलला की खूणही बदलते. 'अँटोनियो' या नावातल्या पहिल्या 'ओ'वर पोर्तुगालमध्ये तिरकी रेघ असते, ब्राझीलमध्ये टोपी. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अँटोनियो कोस्टा यांचं वडिलांकडचं घराणं गोव्यातल्या मडगावचं. त्यांचं नाव लिहिताना रेघच द्यायची, कारण ते पोर्तुगालचे.

विंडोजवर : मुकी कळ

विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' नावाचा कीबोर्ड लेआउट असतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'टाइम अँड लँग्वेज'मधून 'लँग्वेज अँड रीजन'मध्ये जा, इंग्लिशच्या पुढच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'लँग्वेज ऑप्शन्स' निवडा आणि 'ॲड अ कीबोर्ड'मधून हा लेआउट घ्या. कळांवर छापलेली अक्षरं आहेत तिथेच राहतात, म्हणून नवशिक्यांसाठी मी हाच सुचवेन. जुन्या आणि नव्या लेआउटमध्ये ये-जा करायला विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायचा.

या लेआउटमध्ये पाच खुणा 'मुक्या' होतात : ' ` ~ ^ आणि ". खूण दाबली की पडद्यावर काहीच उमटत नाही. संगणक पुढच्या अक्षराची वाट बघतो आणि मग दोन्ही एकत्र करून देतो. लाट आणि मग 'ए' दाबला की लाटेचा 'ए'. शिफ्ट धरून ६ दाबलं की टोपी, तिच्यामागे 'ओ' दाबला की टोपीवाला 'ओ'. साधं अवतरणचिन्ह (') आणि स्वर मिळून तिरकी रेघ, तेच चिन्ह आणि 'सी' मिळून शेपटीचा 'सी'. नुसती खूणच हवी असेल तर तिच्यानंतर स्पेसबार दाबायचा.

ही कल्पना टाइपरायटरच्या काळातली आहे. एरवी कळ दाबली की कागदाचा गाडा एक घर सरकतो. खुणेची कळ मात्र खूण उमटवायची आणि गाडा जागीच ठेवायची, मग त्याच घरात अक्षर ठोकायचं. गाडा हलवत नाही म्हणून ती 'मेलेली' कळ, इंग्रजीत 'डेड की'. खूण आधी आणि अक्षर मागून हा क्रम तिथूनच आला. आपल्याला अक्षर आधी आणि मात्रा नंतर द्यायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला बोटं हमखास चुकतात.

या लेआउटचा एक त्रासही आहे. इंग्रजी मजकुरात अवतरणचिन्ह उघडून लगेच स्वर टाइप केला की त्या स्वरावर रेघ किंवा दोन ठिपके बसतात. पासवर्डमध्ये यातलं एखादं चिन्ह असेल तर विचारूच नका. हा लेआउट पहिल्यांदा लावला तेव्हा माझा पासवर्ड चार वेळा चुकला आणि कीबोर्डच बिघडला असं मला वाटलं होतं. म्हणून इंग्रजी कामाला जुना लेआउट आणि पोर्तुगीजला हा, असे दोन्ही ठेवा. लेआउट सारखा बदलायचा कंटाळा असेल तर याच लेआउटमध्ये दुसरी वाटही आहे : उजवीकडची ऑल्ट धरून स्वर दाबला की थेट तिरकी रेघेचा स्वर येतो आणि स्वल्पविराम दाबला की शेपटीचा 'सी'. लाट आणि टोपीसाठी मात्र मुक्या कळाच लागतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर 'इंग्लिश (इंडिया)' लेआउट असतो. त्यात उजवी ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह येतं. मात्र त्यात उजवी ऑल्ट आणि 'ए' दाबला तर मिळतो डोक्यावर आडवी रेघ असलेला 'ए', म्हणजे संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिताना लागतो तो. पोर्तुगीजमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

थेट पोर्तुगीज लेआउट लावला तर? पोर्तुगाल असो की ब्राझील, शेपटीच्या 'सी'ला तिथे स्वतंत्र कळ असते, 'एल'च्या लगेच उजवीकडे. आपल्या कीबोर्डवर तिथे अर्धविराम छापलेला असतो. म्हणजे कळेवर एक आणि पडद्यावर दुसरंच. न बघता टाइप करता येत असेल तरच त्या वाटेला जा.

ऑल्ट कोडचं काय, असं कोणीतरी विचारणारच. ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ०२२७ दाबलं की लाटेचा 'ए', ०२४५ ला लाटेचा 'ओ', ०२३१ ला शेपटीचा 'सी'. पुढचं शून्य विसरलात तर अनेक संगणकांवर भलतंच चिन्ह येतं. २२७ ला गणितातला 'पाय' उमटतो. शिवाय छोट्या लॅपटॉपवर आकड्यांचं पॅडच नसतं. वर्षातून एकदा एखादं नाव लिहायचं असेल तर कोड ठीक, रोजच्या वापराला नाही.

मॅक, लिनक्स आणि फोन

मॅकवर काहीच बसवावं लागत नाही. ऑप्शन धरून 'एन' दाबा, सोडा आणि मग 'ए' दाबा, लाट आली. तसंच ऑप्शन आणि 'ई' दाबून तिरकी रेघ, ऑप्शन आणि 'आय' दाबून टोपी. शेपटीचा 'सी' ऑप्शन आणि 'सी' या एकाच फटक्यात येतो. हे लक्षात राहत नसेल तर अक्षराची कळ दाबून धरा, वर छोटी यादी उघडते.

लिनक्सवर मुक्या कळांचा इंटरनॅशनल लेआउट असतो, पण तिथे ' आणि 'सी' दाबल्यावर अनेकदा शेपटीऐवजी डोक्यावर रेघ असलेला 'सी' येतो. ते अक्षर पोलिश भाषेचं. अशा वेळी उजवी ऑल्ट आणि स्वल्पविराम वापरा.

फोनवर तर अगदीच सोपं. अक्षर दाबून धरा आणि बोट न उचलता हवं त्या खुणेपर्यंत सरकवा. रोज लिहायचं असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पोर्तुगीज भाषा जोडा. मग खुणा न देता शब्द लिहिलात तरी बऱ्याचदा फोनच त्या लावून देतो. ब्राझीलची आणि पोर्तुगालची पोर्तुगीज यादीत वेगवेगळी दिसते. अँटोनियोचं उदाहरण आठवा आणि त्याप्रमाणे निवडा.

तिथले लोक तरी सगळ्या खुणा देतात का?

चॅटवर नाही. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात १६० अक्षरं मावायची, पण त्यात लाटेची अक्षरं नव्हती. एक जरी लाट आली तरी सगळा संदेश युनिकोडमध्ये जाऊन मर्यादा ७० वर यायची. मराठीत एसएमएस केलेल्यांना हा ७० चा आकडा चांगलाच आठवत असेल. ब्राझीलच्या तरुणांनी इंटरनेटवर स्वतःच्या पळवाटाही काढल्या. 'आहे' या अर्थाचा शब्द म्हणजे रेघ असलेला एकटा 'ई', तो ते 'ई-एच' असा लिहू लागले. 'नाही'साठीच्या शब्दातल्या लाटेऐवजी शेवटी 'यू-एम' लावू लागले. कमेंटमध्ये असलं काही दिसलं तर ती चूक समजू नका. अर्जात किंवा ईमेलमध्ये मात्र तसं लिहू नका.

काही ठिकाणी खुणा चालतच नाहीत. इन्स्टाग्रामच्या युजरनेममध्ये त्या घेता येत नाहीत. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात खुद्द पोर्तुगालच्या नागरिकाचं नावही बिनखुणांचंच छापतात.

दिसायला सारखं, पण सापडत नाही

लाटेचा 'ए' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : एकच तयार अक्षर म्हणून किंवा साधा 'ए' आणि त्यावर वेगळी लाट अशी जोडी म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण काही प्रोग्रॅम्सना ते वेगळे वाटतात आणि शोध घेतला की 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. मराठीतही हे होतं. 'वाऱ्यावर'मधला ऱ एक अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि र अधिक नुक्ता असाही.

दुसरा घोटाळा जुन्या फाइल्सचा. लाटेच्या 'ए'च्या जागी कॅपिटल 'ए'वर लाट आणि त्याला चिकटून £ दिसत असेल, तर फाइल युटीएफ-८ मध्ये लिहिलेली आहे आणि ती जुन्या पद्धतीने वाचली जाते आहे. अक्षरं एकेक करून दुरुस्त करत बसू नका. फाइल पुन्हा उघडताना एन्कोडिंग युटीएफ-८ निवडा.

गोव्यातल्या कुटुंबांना हे सगळं जास्त जाणवतं. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज दाखल्यांत नावावर लाट आणि शेपटी असते, तर नंतरच्या भारतीय कागदपत्रांत त्याच माणसाचं नाव साध्या अक्षरांत. असं नाव एखाद्या यादीत शोधताना ते खुणांसह आणि खुणांशिवाय असं दोनदा टाकून बघा. मूळ स्पेलिंग एकदा नीट टाइप करून फोनच्या नोट्समध्ये ठेवा आणि दर वेळी तिथूनच कॉपी करा. त्या एका नावापुरतं कॉपी-पेस्टच बरं.