संक्षेप कीं क्षय?

चौसाळा हें बीड जिल्ह्यांतील, धुळें-सोलापूर रस्त्यावरील एक गांव. तेथें आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींतून चित्रपटांच्या सव्वाशें तबकड्या निघाल्या. कांहींवर ओरखडे होते, कांहींवर बुरशी. त्यांच्या चिरंजीवांनीं त्या सर्व हार्ड डिस्कवर उतरविण्याचें मनावर घेतलें व आम्हांस विचारलें, "काका, एकेक चित्रपट सातशें एमबींत बसवला तर सगळे अगदीं थोड्या जागेंत मावतील. मग ह्या तबकड्या भंगारांत द्यायच्या ना?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर देण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

तबकडीवरील चित्रपट हा मुळांतच संक्षिप्त असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्याकडील डीव्हीडीच्या एका चित्रांत रुंदीला ७२० व उंचीला ५७६ ठिपके. आणि अशीं चित्रें सेकंदाला २५. हा सर्व ऐवज जसाच्या तसा ठेवूं म्हटलें, तर दोन तासांच्या बोलपटास शंभर गीगाबाइटांहून अधिक जागा लागेल. आणि एकपदरी डीव्हीडींत मावतात अवघे ४.७! ही किमया ज्या गणितावर उभी आहे तें १९७४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या कर्त्यांपैकीं नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे, त्यांतील ठळक छटा राखावयाच्या आणि डोळ्यास सहसा न जाणवणारा बारीक तपशील सोडून द्यावयाचा, हें या रीतीचें मर्म. तिला दुसऱ्या युक्तीची जोड मिळाली: मागच्या चित्राहून जें बदललें तेवढेंच लिहावयाचें. १९९३ सालची व्हीसीडी, १९९६ सालची डीव्हीडी आणि २००३ सालची एच. २६४ ही पद्धति, हीं सर्व एकाच घराण्यांतील भावंडें होत.

तेव्हां संक्षेप हा अपराध नव्हे. परंतु संक्षेपाचा पुन्हां संक्षेप करतांना जें गळतें तें परत येत नाहीं. हा धडा आम्ही स्वतःच्या खर्चानें शिकलों आहों. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) आम्हीं असाच फार लहान करून ठेवला आणि मूळ तबकड्या रद्दीवाल्यास देऊन टाकल्या. पुढें मोठ्या पडद्यावर पाहतांना विष्णुपंत पागनिसांचा चेहरा ओळखूं येत होता. पण भजनास जमलेल्या मंडळींचे चेहरे चौकोनी डागांत विरून गेले होते. ज्यांच्यासाठीं तुकोबांनीं अभंग गाइले, नेमकीं तींच माणसें आमच्या काटकसरींत नाहींशीं झालीं!

आपल्या चित्रपटांचा इतिहास अशाच बेपर्वाईनें भरलेला आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्याचा म्हणून आज जो भाग दाखविला जातो तो अपुरा आहे. 'आलम आरा' (१९३१) तर समूळ गेला. जुन्या फिती ज्वालाग्राही नायट्रेटच्या. कांहीं जळाल्या, कांहीं कुजल्या, कांहीं आंतल्या चांदीसाठीं विकल्या गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं. तोंवर फार उशीर झाला होता.

याहून जुनें उदाहरण आमच्या मराठवाड्यांतलेंच आहे. नकलांवरून नकला होतां होतां ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले, तेव्हां पैठणच्या एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. असें काम नुसत्या प्रज्ञेनें होत नाहीं. ताडून पाहावयास जुन्या पोथ्या शिल्लक असाव्या लागतात.

म्हणून आम्हीं चिरंजीवांस सांगितलें, "बाबा रे, आधीं हिशेब कर." सव्वाशेंही तबकड्या अगदीं भरलेल्या धरल्या, तरी बेरीज सहाशें गीगाबाइटांच्या आंतच येते, बाजारांतल्या साध्या एक टेराबाइटाच्या डिस्कवर त्या जशाच्या तशा राहतात. डिस्कही एके दिवशीं बिघडावयाचीच, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरीं असावी. लहान प्रती पाहण्यासाठीं खुशाल कराव्या.

त्या पेटींत स्नेह्यांच्या कन्येच्या विवाहाचीही एक तबकडी होती, आणि तींत त्यांच्या दिवंगत मातोश्री घटकाभर दिसतात. ती पाहून झाल्यावर पेटी भंगारांत देण्याची गोष्ट पुन्हां कोणीं काढली नाहीं.